पायथ्याला चढ असलेला उतार

बुकित पंजांग, सिंगापूर
३ नोव्हेंबर २०२४

चि. विभा,

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा: इचलकरंजीत मागावर कामाला होतो तेव्हा जळक्या मोटरीतून उभा केलेला पंखा, अण्णांच्या खोलीत अजून फिरतोय. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या कारखान्यांच्या भागात आल्यावर डॉर्मिटरीत राहत होतो तेव्हा बारा जणांच्या पोळ्या एका वेळी भाजणारा तवा. गणपतीचं मखर, घडी घालून दोन सुटकेसमध्ये बसतं, एकही खिळा नाही. सासूबाईंची चाकाची खुर्ची, बाथरूमचा उंबरा एका हाताने ओलांडते. त्या गेल्यावर खालच्या मजल्यावरचे एक चिनी आजोबा ती वापरतात आणि मला 'इंजिनिअर' म्हणून हाक मारतात. मी त्यांची चूक दुरुस्त करत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी केलेलं, बर्फाशिवाय स्की शिकवणारं यंत्र.

दिवाळीला फोनवर तू विचारलंस, "ज्ञानूदादा, हल्ली नक्की करतोस तरी काय?" त्याचं हे उत्तर. आशीर्वाद लिहायचा राहिला, तो इथे घे.

यंत्र समजावून सांगतो. उलट्या एस्कलेटरवरून खाली उतरणारी पोरं पाहिली आहेस ना? उतरतात, उतरतात आणि तिथल्या तिथेच राहतात. तसंच. चार मीटर रुंद, सात मीटर लांब असा जाड गालिचा उताराला लावलाय, तो खालून वर सरकत राहतो. माणूस पायात स्की घालून उभा राहतो, खाली घसरतो आणि जागच्या जागी राहतो. समोर आरसा. गोदामांतल्या सरकपट्ट्यांची देखभाल हीच माझी पंचवीस वर्षांची नोकरी. एका ठिकाणी असं परदेशी यंत्र दुरुस्त करायला गेलो, अर्धा तास पाहिलं, आणि घरी येऊन नीताला म्हटलं, हे मी करू शकतो. केलं. स्की करायलाही स्वतःच शिकलो, व्हिडिओ थांबवून थांबवून. एका दिवसाची फी कोणाला दिली नाही. तुआसमध्येच एका इमारतीत गाळा घेतलाय. शनिवार-रविवार क्लास असतो. सगळ्यात तयार विद्यार्थिनी म्हणजे नीता. बाकीचे गेले की ती चढते, मी बटणाशी उभा राहतो.

आता मुद्दा. आमचे नऊ जण, नीता धरून, चिनी नववर्षाच्या सुट्टीत तुमच्या जपानातल्या नागानोच्या डोंगरात यायचं म्हणतात. दहावा मी. पुढारी प्रबोध. बँकेत मोठ्या जागेवर आहे, मरीन परेडच्या कॉन्डोत राहतो, आणि क्लासला येताना बेटाचं हे टोक ते ते टोक करावं लागतं म्हणून दर वेळी ऐकवतो, "कोच, अजून थोडं पुढे गेलं की मलेशिया लागेल." त्याला सगळ्यात मोठं ठिकाण हवंय, कुमोनोहारा. मी म्हटलं, माझी मावसबहीण नागानोतच सफरचंदांवर संशोधन करते, तिला विचारू. मोठी ठिकाणं कोणती, लहान कोणती, उतार किती अंशाचे, रुंदी किती, गर्दी किती, ते कळव. अंदाजे नको.

उत्तर पत्रानेच पाठव. फोन धंद्याचा आहे, बुकिंग नीता बघते, सगळे निरोप तिच्या डोळ्यांखालून जातात.

तुझा,
ज्ञानूदादा


नागानो
१४ नोव्हेंबर

ती. ज्ञानूदादा,

नमस्कार. तू स्की शिकवतोस! मी इथे सहा हिवाळे काढले आणि अजून बर्फावर चालताना कुंपण धरते. लॅबमधले सगळे मला 'पेंग्विन' म्हणतात. आता सांगेन, माझा दादा कोच आहे.

तुझ्यासाठी शनिवारी बसने फिरून आले. अजून बर्फ नाही, नुसतं वाळलेलं गवत. कुमोनोहारा म्हणजे गावच आहे रे. तारेवरच्या काचेच्या डब्यातून, म्हणजे गंडोलातून, वर जायचं, लहानमोठे चाळीसहून जास्त उतार, इंग्रजी बोलणारे शिक्षक, गरम पाण्याची कुंडं, आणि एक नेपाळी माणूस डाळभात विकतो. शाकाहारी लोकांची चिंता मिटली.

लहान ठिकाणंही पुष्कळ आहेत. त्यातलं एक माझ्या बसच्या वाटेवर, तानेइके. ग्रामपंचायतीसारखं काहीतरी ते चालवतं. वर नेणारे तारेवरचे पाळणे दोनच, त्यातला एक एकेकट्याने बसायचा, इतका जुना की बसताना आजी म्हणून नमस्कार करावासा वाटतो. कँटीनमध्ये करी-भात, तोही तीनला संपतो. तुमच्या बँकवाल्यांना ते चालेल असं वाटत नाही. मोठंच घ्या.

अंश वगैरे पाठीमागे लिहिलेत. फोनच्या लेव्हलने मोजलेत, हसू नकोस.

दोन प्रश्न. तू किती वेळा गेलास बर्फावर? कधी बोलला नाहीस. आणि एक बावळट शंका: त्या गालिच्यावर माणूस थांबतो कसा?

वहिनींना नमस्कार.

विभा


बुकित पंजांग
२६ नोव्हेंबर

चि. विभा,

आशीर्वाद. तुझे आकडे वाचले. फोनची लेव्हल उताराच्या दिशेने धरलीस की आडवी, हे लिहिलं नाहीस. कुमोनोहाराच्या तिसऱ्या उताराला अठरा अंश लिहिलेत, आणि त्यांच्या नकाशात तो 'सोपा' आहे. दोन्ही खरं असू शकत नाही. परत मोज.

तुझी शंका बावळट नाही, यंत्रातला सगळ्यात नाजूक भाग तोच. थांबायचं असलं की माणसाने डावा हात वर करायचा. मी लाल बटण दाबतो. गालिचा सव्वा सेकंदात थांबतो, आणि असा थांबतो की माणूस पुढे फेकला जात नाही. त्या ब्रेकवर मी आठ महिने काम केलंय. परदेशी यंत्रात एवढी मऊ थांबण्याची सोय मी पाहिलेली नाही. माझ्याकडे आजवर एकाचं मनगटही मुरगळलेलं नाही, कारण घाबरलेल्या माणसाने काही करायचंच नाही. फक्त हात वर.

उलट, स्वतः थांबायला जाणारे मला त्रास देतात. स्कीची टोकं जुळवून, टाचा बाहेर ढकलून जोरात दाबलं की माणसाचा वेग जातो, पण गालिचा तर चालूच असतो. मग तो माणसाला उचलून वरच्या काठाला नेतो आणि तिथे गोंधळ उडतो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून ओरडतो, "दाबू नका! सैल सोडा! वाटलंच तर हात वर करा!" एकेचाळीस जणांच्या अंगात हे मी इतकं भिनवलंय की आता कोणी चुकूनही पूर्ण

२७ नोव्हेंबर

काल पेन ठेवलं. बाकी ठीक.

मोठं की लहान ते अजून ठरवू नकोस. प्रत्येक उताराच्या पायथ्याशी काय आहे ते बघून कळव. लवकर कळव.

ज्ञानूदादा


नागानो
८ डिसेंबर

ती. ज्ञानूदादा,

नमस्कार. पायथ्याशी काय म्हणजे खाण्यापिण्याचं विचारतोस ना? कुमोनोहाराला पायथ्याशी काचेची भिंत असलेलं कॅफे आहे. आत बसून केक खात लोकांना पडताना बघता येतं. शेजारी स्की भाड्याने देणारे, बसस्टँड, आणि वर जायच्या पाळण्याची रांग. दोन दिवसांपूर्वी बर्फ पडला, आज रविवार, तीनशे माणूस तरी त्या रांगेत असेल. तानेइकेला पायथ्याशी काहीच नाही. एक टेकाड आणि त्यापलीकडे कँटीन. मी तेव्हाच म्हटलं, मोठंच घ्या.

तुझा डबा म्हणून वहिनी थालीपीठं बांधून देणार असतील तर चार जास्त आण.

दादा, वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवलं होतं. बसमध्ये तुझं पत्र परत वाचलं आणि उतरून पाकीट फोडलं. अर्धं वाक्य सोडून तू उठलास ते का, ते मला उशिरा कळलं. डोंगराला बटण नाही. त्यांनी हात वर केला तर काय होईल, हेच ना?

आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस.

विभा


बुकित पंजांग
१७ डिसेंबर

चि. विभा,

हेच.

ते वाक्य लिहिताना मला एकदम नऊ जण दिसले. नऊही जणांचा डावा हात वर, पाय सैल सोडलेले, आरशात बघावं तसं समोर बघत, सरळ खाली, त्या तुझ्या काचेच्या भिंतीकडे. मी त्यांना उत्तम शिकवलंय, विभा. म्हणूनच ते पडणारसुद्धा नाहीत.

जी मंडळी रीतसर शिकून शिकवतात ती असल्या यंत्रावरही थांबणं शिकवत असतीलच. मला कोणी शिकवलंच नव्हतं, म्हणून काय राहिलं ते कळायला मार्ग नव्हता. व्हिडिओतला माणूस उतरतो तेवढंच मी पाहत होतो. तो शेवटी थांबतो तिथे मी व्हिडिओ बंद करायचो.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एकदाही नाही. बर्फावर माझा पाय पडलेला नाही. गेलो होतो असं मी कोणाला सांगितलं नाही, आणि मला कोणी विचारलं नाही. त्यांनी 'कोच' म्हणायला सुरुवात केली, मी ओ दिली.

आता काय केलं ते सांगतो. यंत्राला वरच्या काठाशी एक दांडी बसवली. माणूस पूर्ण दाबून वर पोचला, दांडीला टेकला, की गालिचा आपोआप थांबतो. म्हणजे थांबवणारा तोच, मी नाही. आणि जाहीर केलं, आजपासून हात वर केला तरी बटण दाबणार नाही. केवढा आरडाओरडा झाला! प्रबोध म्हणाला, "कोच, वर्षभर सांगितलंत दाबू नका, आता सांगता दाबा. बँकेत असं केलं तर रेग्युलेटर आत टाकेल." सुयश म्हणून एक पोस्टडॉक आहे, कृश अंगाचा, तो तीनदा दांडीवर आपटला आणि म्हणाला, "सर, ही नवी लेव्हल आहे का?" मी म्हटलं, हो, नवी लेव्हल. खरं सांगितलं नाही. पण शिकले. आठ जण आता थांबतात. वाकडे, ओरडत, पण थांबतात.

नववी नीता.

ती हात वर करते. मी ठरवून, हात पाठीमागे बांधून उभा राहतो. ती आरशातून माझ्याकडे बघते. घाबरत नाही, नुसती बघते, आणि माझा हात सुटतो आणि बटण दाबतो. दर वेळी. काल चार वेळा. ती म्हणते, "एवढं काय त्यात, तुम्ही आहातच की." तिला हे सगळं तुझ्याइतकंही माहीत नाही.

प्रबोधने कुमोनोहाराला खोल्या राखून ठेवल्यात, ५ जानेवारीपर्यंत रद्द करता येतात. मी म्हटलं, तिथे पहिले दोन दिवस नवशिक्यांचा वर्ग लावू. तो हसला. "आम्ही काय नवशिके? आम्ही तुमच्या हाताखालून गेलोय. पहिल्या दिवशी गंडोला, थेट वर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीतानेही.

विभा, मला असा उतार शोधून दे, ज्यावर थांबता न येणारा माणूसही थांबेल. मोठं असो, लहान असो. असा उतार असतो का हेही मला माहीत नाही. जेवण उतरत नाही.

ज्ञानूदादा


नागानो
२६ डिसेंबर

ती. ज्ञानूदादा,

नमस्कार. जेव. उतार सापडला.

तानेइकेच्या त्या टेकाडावर मी 'काहीच नाही' म्हणून फुली मारली होती. परवा पुन्हा गेले. तिथे लहान मुलांना शिकवणाऱ्या मियासाका बाई आहेत, सत्तरीच्या, पाठीत जरा वाकलेल्या, पण स्की घातले की सरळ होतात. त्यांना विचारलं, हे टेकाड कसलं? म्हणाल्या, पूर्वी इथे खाली शेतीचं तळं होतं, त्याचा हा बांध. तळं बुजलं, बांध राहिला. म्हणजे दादा, उतार खाली येतो, थोडा सपाट होतो आणि मग समोर चढतो. गावच्या सगळ्या पोरांना थांबणं असंच आलं म्हणे: आधी बांध थांबवतो, मग हळूहळू पाय शिकतात.

तू म्हणशील 'अंदाजे नको'. म्हणून आमच्या लॅबमधल्या टाकाऊ सफरचंदांची पन्नास किलोची खोकी मुलांच्या प्लास्टिकच्या घसरगाडीवर बांधली आणि पाळणेवाल्यांच्या परवानगीने वरून सोडली. तीन वेळा. तिन्ही वेळा बांधाच्या निम्म्यावर चढली, विचार केल्यासारखी थबकली आणि मागे आली. एक सफरचंद फुटलं नाही. तिसऱ्या वेळी पाळण्यातले लोक टाळ्या वाजवत होते. उतार नऊ अंश, बांधाचा चढ अकरा, आणि हो, लेव्हल उताराच्या दिशेनेच धरली होती.

कुमोनोहारा वाईट नाही. तिथल्या शिक्षकांकडून शिकणाऱ्याला उत्तम आहे. पण तुमचे लोक शिकायला जाणारच नाहीयेत, आणि तिथे उतार संपतो तो माणसांच्या रांगेत.

लोकांना कसं वळवायचं ते तू बघ. त्याला लेव्हल लावता येत नाही.

विभा


बुकित पंजांग
५ जानेवारी २०२५

चि. विभा,

आशीर्वाद. आज दुपारी सगळ्यांना गाळ्यावर बोलावलं. रद्द करायचा शेवटचा दिवस. मी तयारी करून गेलो होतो. तानेइकेची गर्दी कमी, रांग नाही, जपानी खेड्याचा खरा अनुभव, वगैरे वगैरे. नीताने डब्यातून कोथिंबीरवडी फिरवली.

प्रबोध वडी खात ऐकत होता. मग म्हणाला, "कोच, दोन पाळणे? आमच्या कॉन्डोला लिफ्ट चार आहेत." सगळे हसले. "आम्हाला खेडं बघायचं असतं तर आम्ही सांगलीकडे गेलो असतो. तुम्ही वर्षानुवर्षं बर्फावर काढलीत, तुम्हाला मोठ्या डोंगराची भीती कसली?"

मी काही बोलणार तेवढ्यात नीता म्हणाली, "वर्षानुवर्षं कुठली? ह्यांनी बर्फ फक्त फ्रीजरमध्ये पाहिलाय."

अगदी सहज. वडीला तेल जास्त झालंय, असं सांगावं तसं. विभा, तिला ठाऊकच नव्हतं की मी हे कोणापासून लपवतोय. तिला वाटत होतं, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

गालिचा बंद होता, तरी मला तो सरकल्यासारखा वाटला. सुयश म्हणाला, "म्हणजे सर, कधीच नाही?" मी म्हटलं, कधीच नाही. मग एकदा तोंड उघडलं म्हणून सगळं सांगितलं. लाल बटण, हात वर, 'दाबू नका', तानेइकेचा बांध, तुझी सफरचंदांची खोकी, आणि गेल्या महिन्यातली ती नवी लेव्हल म्हणजे काय होती तेही. कोणीतरी हातातली वडी परत डब्यात ठेवली.

प्रबोधने हात पुसले. त्याने फोन काढला, मला वाटलं आता हा ट्रिपच रद्द करतो. त्याने कुमोनोहाराच्या खोल्या रद्द केल्या आणि म्हणाला, "तुमच्या बहिणीला सांगा, मग आम्ही सफरचंदं. नऊ खोकी."

येतोय. २८ तारखेला.

नीता परत येताना बसमध्ये म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का हो?" मी नाही म्हटलं. तिने माझा हात धरला, डावा. बांधाची उंची परत मोजून कळव.

ज्ञानूदादा


नागानो
९ फेब्रुवारी

ती. ज्ञानूदादा,

नमस्कार. सुखरूप पोचलात, बरं वाटलं. पहिल्या दिवशी संध्याकाळीच मला लॅबला परतावं लागलं आणि पुढचे तीन दिवस येता आलं नाही, याची चुटपुट लागलीय. पण जे पाहिलं ते पुरेसं आहे. तू उगाच महिनाभर जेवला नाहीस!

मी वर, एकेकाला "जा" म्हणत होते, तू खाली उभा. वरून तुम्ही सगळे मुंग्यांसारखे दिसत होता. आठ जण गेले, पडले, उठले. शेवटी वहिनी. काय सुरेख गेल्या रे! न डगमगता, सरळ. निम्म्यावर गेल्यावर त्यांनी हात वर करून मला टाटा केला. मागे वळल्या नाहीत, तरी मला ते इतकं आवडलं की मीही वरून दोन्ही हात हलवले. मग त्या बांधावर चढलेल्या दिसल्या आणि पाळणेवाल्यांनी मला कॉफीला बोलावलं.

प्रबोधरावांनी काढलेला फोटो त्यांनी मला पाठवला. मी तो फ्रिजवर लावलाय. वहिनींचा हात वर, केस उडताहेत, चेहरा कसा निवांत. लॅबमधले विचारतात, ही पेंग्विनची कोण? मी म्हणते, वहिनी.

विभा


बुकित पंजांग
२ मार्च

चि. विभा,

आशीर्वाद. तो फोटो फ्रिजवरून काढ.

टाटा तुला नव्हता. मी खाली उभा होतो. निम्म्या उतारापर्यंत ती गालिच्यावर असते तशीच होती. मग वेग वाढला. गालिच्यावर तो कधी वाढत नाही, मी लावीन तेवढाच राहतो. तिने मला शोधलं आणि डावा हात वर केला. माझा अंगठा दाबला गेला. हातमोज्यात, हवेत. मी पुन्हा दाबला. ती माझ्या शेजारून गेली, इतक्या जवळून की जॅकेटचा वारा लागला, हात वरच. तुला तिचा चेहरा निवांत दिसतो, कारण ती निवांतच होती. घाबरली असती तर मला सोसलं असतं. ती नुसती थांबण्याची वाट बघत होती.

बांधावर चढली. तुझ्या सफरचंदांपेक्षा वर, अगदी माथ्याजवळ, थबकली, उलटी घसरली आणि बसली. मी पळत सुटलो. पायात स्की आहेत हे विसरलो, म्हणून दोनदा तोंडावर पडलो. पोचलो तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता. म्हणाली, "किती वेळ लावलात."

मी सांगितलं, मी नाही थांबवलं. बांधाने थांबवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पहिल्यांदा तिने मागे वळून सबंध उतार पाहिला. शेवटी म्हणाली, "मग मला थांबायला शिकवा."

मी म्हटलं, मला येत नाही.

हे वाक्य मी आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं. मागावर नाही, तुआसला नाही, बापापुढे नाही. पुढचे तीन दिवस आम्ही दोघं मियासाका बाईंच्या वर्गात होतो, सहा-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत, मी सगळ्यात मागे. बाई इंग्रजी बोलत नाहीत. मी चुकलो की त्या काठीने माझ्या टाचेला हळूच टोचत. पोरं हसत. शेवटच्या दिवशी नीता बांधाच्या अलीकडे थांबली, स्वतःच्या पायांवर, आणि मागे वळून तिने मला "या" म्हणून खूण केली. मी तिच्यापुढे दहा हात जाऊन थांबलो. गालिच्याचं लाल बटण आल्याबरोबर काढून टाकलं. जुन्या बत्तीस जणांना एकेक करून फोन करतोय. काही जण रागावतात. एकजण म्हणाला, मी तर पुढच्या आठवड्यात चाललोय. त्याला त्याच संध्याकाळी बोलावून घेतला.

आता शेवटचं. तो फोटो प्रबोधने चांगल्या मनाने चार ठिकाणी पाठवला. सहली विकणाऱ्या एका कंपनीने पाहिला आणि दोन माणसं तुआसला आली. त्यांना माझं यंत्र हवंय, चार मॉलमध्ये बसवायला, आणि प्रत्येकावर नीताचा तो फोटो, पुरुषभर उंचीचा. त्यातला तरुण मला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "अंकल, धिस फोटो कॅन सेल एनिथिंग लाह. सो हॅपी." मी त्यांना नवी दांडी दाखवली. थांबायला शिकवायला सहा तास लागतात म्हटलं. ते म्हणाले, मॉलमधलं गिऱ्हाईक अर्ध्या तासाचं असतं, जुनं बटणच परत बसवा, हात वर केला की थांबतं हे लोकांना फार आवडेल, त्यांना सेफ वाटेल. मी म्हटलं, वाटेल, तेच तर.

रात्री नीताला विचारलं. तिचा फोटो, तिचा हक्क. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "तो हात मी तुमच्यासाठी वर केला होता. बघणाऱ्याला तसं वाटणार नाही, आणि त्याची पोरगी चढेल त्या गालिच्यावर." मग म्हणाली, "पण तुमच्या हातचं काम चार ठिकाणी लागलं असतं. इंजिनिअर म्हणून नाव लागलं असतं. तुम्ही ठरवा."

काल कळवलं, नको. चार यंत्रांची बांधणी, माझ्या नावाची पाटी आणि तो फोटो मिळून ते दोन लाख चाळीस हजार सिंगापूर डॉलर देणार होते.

ज्ञानूदादा